कोरकामात हत्याराची उंची
लहान संगणक-नियंत्रित यंत्रावर खोली कशी राखतात

जुन्या पितळी तांब्यावर किंवा परातीवर मालकाचे नाव घातलेले पुष्कळांनी पाहिले असेल. भांड्यांच्या दुकानात बसलेला कारागीर एका हातात बारीक छिन्नी आणि दुसऱ्या हातात लहान हातोडी घेऊन ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उमटवितो. तांब्याचा पृष्ठभाग गोल असतो, परातीचा काठ वर वळलेला असतो; तरी सर्व ठिपके सारख्याच खोलीचे पडतात. याचे कारण असे की, कारागीर खोली मोजत नाही. त्याच्या बोटांना पृष्ठभाग जाणवतो. छिन्नी धातूला टेकली की नाही हे हाताला कळते, आणि त्यानंतरच ठोका पडतो.

हेच काम यंत्राकडे सोपविले म्हणजे ही जाणीव नाहीशी होते. यंत्र हाताहून कितीतरी अधिक नियमितपणे चालते. परंतु आपल्यासमोर ठेवलेला पत्रा सपाट आहे की वाकडा, उंच आहे की सखल, याची त्याला काहीच कल्पना नसते. ही उणीव कशी भरून काढतात, हे या लेखात पाहावयाचे आहे. प्रश्न लहान दिसतो, पण लहान यंत्रावर केलेले कोरकाम साधणे किंवा बिघडणे बहुतेक वेळा याच एका प्रश्नावर अवलंबून असते.

यंत्र कसे चालते

आकड्यांच्या आज्ञांनी यंत्र चालविण्याची कल्पना विमानांच्या कारखान्यांसाठी पुढे आली. अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी तिचा पाठपुरावा केला आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली अशा रीतीने चालणाऱ्या कर्तनयंत्राचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. त्या यंत्राचे नियंत्रक उपकरण कपाटाएवढे मोठे होते. आज तेच काम तळहातावर मावणारे मंडल करते. नॉर्वेचे सिमेन स्वाले स्कॉगस्रुड यांनी २००९ साली ‘ग्रबल’ हा आज्ञासंच सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला. त्यानंतर छंद म्हणून काम करणाऱ्यांच्या टेबलावर ही यंत्रे दिसू लागली. भारतातही शाळा-महाविद्यालयांच्या कार्यशाळांत ती आता आढळतात. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात तर २००२ सालापासूनच संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याची कार्यशाळा, म्हणजे ‘फॅब लॅब’, चालू आहे.

यांपैकी बाजारात विशेष आढळणारे यंत्र सुमारे ३०० मि.मी. लांब, १८० मि.मी. रुंद आणि ४५ मि.मी. उंच एवढ्या जागेत काम करते. त्यात तीन मोटरी असतात. एक हत्याराला डावी-उजवीकडे नेते, दुसरी बैठकीला पुढे-मागे सरकविते आणि तिसरी हत्यार वर-खाली करते. हत्याराला गरगर फिरविणारा चौथा भाग म्हणजे स्पिंडल होय.

वर-खाली करणारी मोटर ‘स्टेपर’ जातीची असते. ती सलग न फिरता पावलापावलाने फिरते, आणि तिच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. तिला जोडलेल्या आटे पाडलेल्या दांड्याच्या एका फेऱ्यात हत्यार ८ मि.मी. सरकत असेल, तर एका पावलात ते ०.०४ मि.मी. सरकते. नियंत्रक मंडल प्रत्येक पावलाचे सोळा भाग पाडीत असेल, तर हिशेबाने हे अंतर ०.००२५ मि.मी. इतके सूक्ष्म होते. आट्यांतील ढिलाई व सांगाड्याची लवचीकता यांमुळे प्रत्यक्षात एवढी अचूकता मिळत नाही. तरीही लहान यंत्राच्या मानाने ती कौतुकास्पदच असते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘हत्यार ०.१ मि.मी. खाली ने’ अशी आज्ञा दिली असता यंत्र पावले मोजते, आणि तीही स्वतःच्या सांगाड्याच्या संदर्भात मोजते. कोरावयाच्या पत्र्याच्या संदर्भात ते काहीच मोजत नाही. उंची सांगाड्यापासून मोजली जाते आणि खोली पत्र्यापासून हवी असते. सर्व अडचणीचे मूळ या दोहोंतील अंतरात आहे.

रेघेची रुंदी म्हणजे खोलीच होय

खोलीत थोडा फरक पडला तर एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. कोरकामाचे हत्यार कसे असते हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

कोरण्याचे हत्यार टोकाशी पाचरीसारखे निमुळते असते. ते जितके खोल जाईल तितकी पृष्ठभागावरील रेघ रुंद होते. टोकाचा पूर्ण कोन ६०° असेल, तर खोली जितकी वाढते त्याच्या १.१५ पट रुंदी वाढते. कोन ९०° असेल तर दुप्पट वाढते. आणि ३०° असेल तर सुमारे निमपट, म्हणजे ०.५४ पट वाढते. टोक अगदी सुईसारखे तीक्ष्ण नसते. त्याला लहानशी सपाटी असते, तिची रुंदी या गुणाकारात मिळवावी लागते. उदाहरणार्थ, टोकाची सपाटी ०.१ मि.मी. आणि कोन ६०° असेल, तर ०.१ मि.मी. खोलीवर रेघ सुमारे ०.२२ मि.मी. रुंद पडते, ०.४ मि.मी. खोलीवर तीच रेघ ०.५६ मि.मी. रुंद होते.

यावरून दिसून येईल की, कागदावर आपण ज्याला रेघेची जाडी म्हणतो ती कोरकामात खोलीचेच दुसरे रूप असते. पितळी पाटीवर नाव कोरताना पाटीची एक बाजू किंचित उंच असेल, तर नावाचे पहिले अक्षर ठसठशीत आणि शेवटचे फिकट उमटते. पाहणाऱ्याला वाटते की अक्षरांचा आराखडा चुकला. वस्तुतः चुकलेली असते ती उंची.

परिपथाच्या पाटीचे उदाहरण

नावाच्या पाटीत हा दोष केवळ डोळ्यांना खुपतो. परंतु विद्युत परिपथाच्या पाटीत, म्हणजे कार्यशाळेत जिला ‘पीसीबी’ म्हणतात तिच्यात, त्यामुळे सर्व काम वाया जाते.

ही पाटी काचतंतू व राळ यांची केलेली असून बहुधा १.६ मि.मी. जाड असते. तिच्यावर तांब्याचा अतिशय पातळ थर चिकटविलेला असतो. नेहमीच्या पाटीत या थराची जाडी अवघी ०.०३५ मि.मी. असते. लहान यंत्रावर परिपथ तयार करताना नको असलेल्या तांब्यात कोरून रेघा पाडतात आणि दोन रेघांच्या मध्ये उरलेली तांब्याची पट्टी तारेचे काम करते. अशा रीतीने आम्लाचा किंवा इतर रसायनांचा उपयोग न करता एका दुपारी परिपथ तयार होतो. शाळेच्या कार्यशाळेला ही पद्धत सोयीची वाटते ती यामुळेच.

आता असे समजा की, आपण वर सांगितलेले ६०° चे हत्यार घेतले आहे, खोली ०.१ मि.मी. ठरविली आहे आणि दोन रेघांच्या मध्ये ०.४ मि.मी. रुंदीची पट्टी उरावी असा आराखडा केला आहे. पाटीचा मधला भाग ०.३ मि.मी. उंच निघाला. तेथे हत्यार ०.१ ऐवजी ०.४ मि.मी. खोल जाईल. प्रत्येक रेघ पट्टीच्या बाजूने ०.१७ मि.मी. अधिक सरकेल. दोन्ही बाजूंनी मिळून ०.३५ मि.मी. तांबे खाल्ले जाईल आणि उरेल ती पट्टी जेमतेम ०.०५ मि.मी., म्हणजे केसासारखी. ती टाका देताना उखडेल किंवा आधीच तुटलेली असेल. याउलट पाटीचा कोपरा ०.१ मि.मी. सखल असेल, तर हत्यार तेथे तांब्याला जेमतेम स्पर्श करील; थर कापलाच जाणार नाही आणि ज्या दोन पट्ट्या अलग असावयास हव्यात त्या जोडलेल्याच राहतील. एकाच पाटीवर एका ठिकाणी तार तुटलेली आणि दुसऱ्या ठिकाणी दोन तारा चिकटलेल्या, असा प्रकार मग आढळतो. विद्यार्थी आराखड्यात चूक शोधीत बसतो. ती तेथे नसतेच.

०.३ मि.मी. चा वाकडेपणा ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हे. ज्या पाट्यांवर घटक पृष्ठभागावरच बसवावयाचे असतात त्यांच्यासाठी व्यवसायात रूढ असलेल्या मानकात ०.७५ टक्क्यापर्यंतचा बाक चालतो. म्हणजे १०० मि.मी. लांबीच्या पाटीत ०.७५ मि.मी. बाक असला तरी ती सदोष मानली जात नाही. तांब्याचा थर ०.०३५ मि.मी. आणि बाक त्याच्या वीसपट. ही तुलना केली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

याशिवाय वाकडेपणाची इतरही कारणे असतात. यंत्राची बैठक स्वतःच पूर्ण सपाट नसते. आडवा दांडा बैठकीशी काटेकोर समांतर नसतो. पाटी कडांवर चिमट्यांनी घट्ट आवळली तर मधला भाग वर उचलला जातो. पाटीखाली एखादा कीस राहून गेला तरी तेथे उंचवटा येतो. उष्णतेनेही फरक पडतो. ॲल्युमिनियमचा १०० मि.मी. लांबीचा भाग १० अंश सेल्सियसने तापला, तर सुमारे ०.०२३ मि.मी. ने वाढतो. हा आकडा लहान खरा, पण तांब्याच्या थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक आहे. म्हणून उंची मोजण्यापूर्वी स्पिंडल काही मिनिटे फिरवून गरम होऊ देणे हिताचे असते.

शून्य ठरविणे

पहिले काम म्हणजे पृष्ठभागाची उंची यंत्राला निदान एका बिंदूवर तरी सांगणे. त्या बिंदूला शून्य मानतात. त्याच्या खालील अंतरे ऋण आणि वरील अंतरे धन धरतात.

जुनी व सोपी रीत कागदाची आहे. हत्यार व पाटी यांच्यामध्ये कागदाचा तुकडा हलवीत राहावा आणि हत्यार अगदी थोडे थोडे खाली आणावे. कागद अडकू लागला की थांबावे. लाकडात खोल अक्षरे कोरावयाची असतील तेव्हा ही रीत पुरेशी आहे. परंतु साध्या कागदाची जाडीच सुमारे ०.१ मि.मी. असते, आणि परिपथाच्या पाटीत आपल्याला हवी असलेली खोलीही तितकीच असते. कागद किती दाबला गेला याचा अंदाज थोडा चुकला, तरी कामाच्या खोलीत मोठी चूक होते.

यास्तव पृष्ठभाग धातूचा असेल तेथे विद्युत-स्पर्शाची रीत वापरतात. नियंत्रक मंडलातून निघालेली एक तार तांब्याच्या थराला व दुसरी चिमट्याने हत्याराला जोडतात. स्पिंडल बंद ठेवून हत्यार सावकाश खाली आणतात. टोक तांब्याला टेकताच परिपथ पूर्ण होतो, मोटर थांबते आणि त्या क्षणीची उंची नोंदली जाते. ग्रबलमध्ये या कामासाठी ‘जी-३८.२’ ही आज्ञा आहे. ठरविलेल्या अंतरात स्पर्श झाला नाही तर ती यंत्र थांबवून चुकीची सूचना देते. पहिला स्पर्श जरा वेगाने करावा, मग हत्यार थोडे वर घेऊन दुसरा स्पर्श अगदी मंद गतीने करावा आणि दुसराच आकडा खरा धरावा.

येथे काही सावधगिरी आवश्यक आहे. तांब्यावरील काजळी व बोटांचा तेलकटपणा आधी पुसून काढावा, नाहीतर टोक टेकूनही वीज वाहणार नाही आणि नाजूक टोक मोडेल. हत्यार प्रत्यक्ष खाली नेण्यापूर्वी तार हाताने तांब्याला लावून स्पर्शाची नोंद होते की नाही हे तपासावे. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा रोधक थर असतो, म्हणून तेथे ही रीत थेट लागू पडत नाही. लाकूड व ॲक्रिलिक यांवर माहीत असलेल्या जाडीची धातूची चकती ठेवून तिला स्पर्श करतात व ती जाडी वजा करतात. आणि काम सुरू करण्यापूर्वी हत्याराचा चिमटा आठवणीने काढावा. स्पिंडल फिरू लागल्यावर तो तार गुंडाळून घेतो.

बैठक सपाट करणे

एका बिंदूवर शून्य ठरले. पण उरलेल्या पृष्ठभागाचे काय? पहिला उपाय असा की, पृष्ठभागच यंत्राशी समांतर करावा. बैठकीवर लाकडाची किंवा दाबीव भुशाची फळी पक्की बसवितात आणि रुंद, सपाट हत्याराने तिचा वरचा पापुद्रा यंत्राकडूनच तासून घेतात. यात एक मौज आहे. यंत्राचा दांडा थोडा तिरका असेल, तर फळीही तितकीच तिरकी तासली जाते. ती जगाच्या दृष्टीने समतल नसते, परंतु यंत्राच्या चालीशी समांतर असते. आणि कोरकामाला तेवढेच पुरते. गवंड्याला पाणपातळी लागते. येथे तिचा उपयोग नाही.

या उपायाने बैठकीचा दोष जातो, पाटीचा जात नाही. बाकदार पाटी सपाट फळीवरही बाकदारच राहते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ फीत संपूर्ण पाटीखाली लावून पाटी दाबून बसविली, तर बाक बराच कमी होतो. पण पूर्ण जाईलच असे नाही.

उंचीचा नकाशा

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. पृष्ठभाग सपाट करण्याऐवजी तो जसा आहे तसा मोजून घ्यावयाचा. डोंगराळ मुलखाची मोजणी करणारे लोक ठिकठिकाणची उंची नोंदवून समोच्च रेषांचा नकाशा काढतात. त्याच रीतीने येथे पाटीचा नकाशा काढतात, फक्त येथील डोंगर मिलिमीटरच्या काही शतांशांइतके असतात.

समजा, पाटी १०० मि.मी. लांब व ६० मि.मी. रुंद आहे. तिच्यावर दर १० मि.मी. वर एक बिंदू घेतला, तर ११ गुणिले ७, म्हणजे ७७ बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर हत्यार खाली येऊन स्पर्श करते, उंची नोंदली जाते व हत्यार पुढे सरकते. एका स्पर्शाला १० सेकंद धरले तर सुमारे १३ मिनिटांत नकाशा पूर्ण होतो.

बिंदूंच्या मधल्या जागेची उंची काढण्यासाठी गणिताचा आश्रय घेतात. या रीतीला द्विरेषीय अंतर्वेशन असे म्हणतात. नाव अवघड असले तरी कृती त्रैराशिकाइतकी सोपी आहे. एका चौकोनाच्या खालच्या दोन कोपऱ्यांची उंची ० व ०.०८ मि.मी. आणि वरच्या दोन कोपऱ्यांची ०.०४ व ०.१६ मि.मी. आहे असे समजू. हत्यार चौकोनाच्या रुंदीत मध्यावर आणि उंचीत खालून एक-चतुर्थांशावर आहे. खालच्या कडेच्या मध्याची उंची ०.०४ आणि वरच्या कडेच्या मध्याची ०.१० होते. या दोहोंतील फरक ०.०६, त्याचा चौथा भाग ०.०१५. म्हणून त्या जागेची उंची ०.०५५ मि.मी. आपल्याला ०.१ मि.मी. खोली हवी असल्यास हत्यार शून्यापासून केवळ ०.०४५ मि.मी. खाली न्यावे लागेल.

हा हिशेब ग्रबल स्वतः करीत नाही. ‘कँडल’सारखे संगणकावरील कार्यक्रम तो करून दुरुस्त केलेल्या आज्ञा यंत्राला धाडतात. यात एक बारकावा आहे. मूळ आज्ञेत ८० मि.मी. ची सरळ रेघ असेल, तर तिची फक्त दोन टोके दिलेली असतात. टोकांची उंची दुरुस्त केली आणि मध्ये पाटीला फुगवटा असला, तर हत्यार त्या फुगवट्यातून सरळ खणत जाईल. म्हणून लांब रेघांचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या टोकाची उंची वेगळी काढावी लागते.

हत्यार बदलले म्हणजे नकाशा पुन्हा काढावा लागतो काय? पाटी हलविली नसेल, तर नाही. नकाशातील उंची परस्परसापेक्ष असतात. पृष्ठभागाचा आकार तोच राहतो. नव्या हत्याराची लांबी मात्र वेगळी असते, म्हणून मूळच्याच संदर्भबिंदूवर शून्य पुन्हा ठरविले की पुरे. परंतु पाटी सोडवून पुन्हा बसविली, तर जुना नकाशा टाकून द्यावा. ज्या जमिनीची मोजणी झाली ती जमीन आता तेथे नाही.

पृष्ठभागावर टेकून चालणे

तिसरा उपाय या दोहोंहून जुना आहे. संगणक येण्यापूर्वी नमुन्यावरून अक्षरे कोरणाऱ्या पँटोग्राफ यंत्रांत तो वापरीत असत. हत्याराभोवती गुळगुळीत नळीसारखा आधार बसवितात आणि हत्याराचे टोक त्या आधाराच्या खाली हव्या त्या खोलीइतकेच बाहेर काढतात. सगळा भाग स्प्रिंगने पृष्ठभागावर दाबलेला राहतो. पृष्ठभाग उंच झाला की आधार उचलला जातो, सखल झाला की खाली येतो आणि हत्यार त्याच्याबरोबर हलते. येथे मोजणी नाही, गणित नाही. खोली थेट पत्र्यापासून घेतली जाते. हिऱ्याच्या टोकाने पितळेवर केवळ ओरखडा काढणारे, स्प्रिंगवर बसविलेले हत्यार हे याच तत्त्वाचे सोपे रूप होय.

या उपायालाही मर्यादा आहेत. आधाराखाली कीस सापडला तर हत्यार उचलले जाते; मऊ पृष्ठभागावर आधाराचा वण पडतो; आणि कडेजवळ आधाराला टेकण्यास जागाच उरत नाही. म्हणून कामाचे स्वरूप पाहून उपाय निवडावा. लाकडावरील मोठ्या अक्षरांना तासलेली फळी व कागदाची रीत पुरते. परिपथाच्या पाटीला नकाशा हवा. आणि पितळी नावाच्या पाट्या एकामागून एक करावयाच्या असतील, तर स्प्रिंगचा आधार सोयीचा.

कोणताही उपाय योजला तरी पाटीच्या निरुपयोगी कोपऱ्यात आधी एक लहान रेघ कोरून भिंगाखाली तिची रुंदी पाहावी. रेघ हिशेबापेक्षा रुंद निघाली तर एकतर हत्यार खोल गेले आहे, किंवा त्याचे टोक मोडून बोथट झाले आहे. काचतंतूंची बारीक धूळ फुप्फुसांना व डोळ्यांना अपायकारक असते; म्हणून चष्मा व मुखपट्टी वापरावी आणि धूळ फुंकून न उडविता शोषकयंत्राने किंवा ओल्या फडक्याने काढावी.

यंत्रावाचून एक प्रयोग

यंत्र नसले तरी या विषयाचा मुख्य मुद्दा वर्गात अनुभवता येतो. एखाद्या पुस्तकाची शंभर पाने, म्हणजे दोनशे पृष्ठे, घट्ट दाबून त्यांची जाडी मोजावी व शंभराने भागावी. एका कागदाची जाडी मिळेल. मग प्लायवुडचा किंवा पत्र्याचा एक तुकडा टेबलावर ठेवून त्यावर पोलादी पट्टी कडेवर उभी धरावी आणि दर २ से.मी. वर पट्टीखाली किती कागद सरकतात ते पाहावे. कागदांची संख्या जाडीने गुणली की त्या जागेची फट कळते. या आकड्यांचा आलेख काढला म्हणजे जो तुकडा डोळ्यांना सपाट वाटत होता त्याचे चढउतार कागदावर दिसू लागतात. प्रत्येक फट १.१५ ने गुणावी. ६०° च्या हत्याराने कोरलेली रेघ तेथे किती अरुंद पडली असती ते कळेल.

या सर्वांतून निघणारा बोध कोरकामापुरता नाही. मोजमाप कितीही सूक्ष्म असले, तरी ते कोठून मोजले यावर त्याचा उपयोग ठरतो. ०.००२५ मि.मी. चे पाऊल टाकणारे यंत्र स्वतःच्या सांगाड्यापासून मोजत राहिले, तर तांब्याचा थर त्याच्या हातून निसटतो. त्याच यंत्राला ७७ ठिकाणी पृष्ठभागाला स्पर्श करावयास लावले, तर तेच काम ते बिनचूक करते. भांड्यावर नाव घालणारा कारागीर प्रत्येक ठोक्यापूर्वी छिन्नी टेकवून पाहतो. यंत्रालाही शेवटी तेच शिकवावे लागते.